मुलाचा सीआरपी वाढलाय, खाण्यातलं काय काय बंद करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १३ वर्षांचा, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. सारखा दमलेला दिसतो म्हणून रक्त तपासलं, त्यात सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) ६ आला. ‘शरीरात इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, आहे’ एवढं कळलं आणि आईने इंटरनेटवर शोधाशोध केली. तिथे सापडलेल्या यादीप्रमाणे दूध, गहू, साखर, टोमॅटो, बटाटा, वांगी हे सगळं उद्यापासून बंद करायचा बेत आहे. घरात दोन स्वयंपाक नकोत म्हणून ८ वर्षांची धाकटी मुलगीही त्याच पथ्यावर जाणार आहे. आईचं विचारणं एवढंच, की यादीत अजून काही राहिलंय का.

यादी जरा बाजूला ठेवा. मला तुमच्याकडून दुसराच कागद हवाय: दोन्ही मुलांचा वाढीचा तक्ता. जन्मापासून आजवर जेव्हा जेव्हा उंची-वजन मोजलं असेल, त्या सगळ्या नोंदी. गेली २२ वर्षं मी मुलं तपासतेय, त्यातली बरीचशी पोटाच्या आणि पोषणाच्या तक्रारींची. आहार आणि दाह या विषयात त्या एका कागदाने मला जेवढं सांगितलंय तेवढं कुठल्याही महागड्या तपासणीने सांगितलेलं नाही. मुलाच्या अंगात खरोखरचा दाह मुरला असेल तर त्याची उंची रेंगाळते. आणि दाहाच्या धास्तीने त्याचं खाणं तोडलं, तरीही उंचीच रेंगाळते. मोठ्या माणसाकडे असा काटा नसतो.

दाह म्हटलं की आपल्याला छातीतली जळजळ आठवते. इथे ती अभिप्रेत नाही. गुडघा खरचटला की लाल होतो, गरम लागतो, सुजतो, ठणकतो. तो दाह हवाच, त्याशिवाय जखम भरायची नाही. काम झालं की तो आपोआप विझतो. आपण ज्याबद्दल बोलतोय तो महिनोन्महिने मंद आचेवर राहणारा, वरून न दिसणारा दाह. सीआरपीची गंमत अशी, की तो या दोन्हींत वाढतो आणि रिपोर्टवर फरक लिहून येत नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. १९३० साली ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेही ठिणगी पडली की आयएल-६ नावाचा रासायनिक निरोप यकृताकडे जातो, काही तासांत सीआरपी चढू लागतो आणि दोनेक दिवसांत शिखर गाठतो. उतरतोही भराभर, कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणजे साधी सर्दी, सुजलेली हिरडी, खेळताना बसलेला मुका मार, एवढ्यावरही ६ चा आकडा येऊ शकतो. रक्त दिलं त्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत मुलाला ताप, खोकला, घसा असं काही होतं का, ते आठवा. आकड्यापुढचं एककही बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापटीचा फरक पडतो. ६ मिलिग्रॅम प्रति लिटर ही किरकोळ वाढ आहे. ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

‘१ च्या खाली उत्तम, ३ च्या वर धोका’ हे जे रिपोर्टखाली छापलेलं असतं, त्या मर्यादा २००३ मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या हृदयविकाराची जोखीम मोजायला ठरवल्या गेल्या. तिथेही एका आकड्यावर जाऊ नका, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा, असंच सांगितलंय. १३ वर्षांच्या मुलाला ती पट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. मुलगा ठणठणीत असताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

पुन्हा ४-५ आलाच, तर माझी नजर आधी त्याच्या पोटाच्या घेरावर जाईल. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ८ ते १६ वयाच्या मुलांच्या पाहणीत जास्त वजनाच्या मुलांचा सीआरपी इतरांपेक्षा जास्त आढळला होता. कारण चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ नावाचं दाह पेटवणारं द्रव्य बाहेर पडतं, हे १९९३ मध्ये दिसलं. पुढे कळलं, की पेशी चरबीने तट्ट फुगल्या की रोगप्रतिकार यंत्रणेतल्या भक्षक पेशी तिथे गोळा होतात आणि मुक्काम ठोकतात. पोटाच्या आतल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीत हा प्रकार जास्त. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत खाण्याचा दाहाशी जो मोठा संबंध आहे तो टोमॅटोतून नव्हे, या चरबीतून येतो.

याचा अर्थ त्याला उपाशी ठेवा असा मुळीच नाही. त्याची वाढ बाकी आहे, हे त्याचं भांडवल आहे. आज त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जवळपास २८. वजन ६८ वरच राहिलं आणि दीड-दोन वर्षांत उंची १६६ झाली, तर तोच बीएमआय २५ च्या खाली येतो, एकही किलो न उतरवता. या वयात मी वजन कमी करा असं क्वचितच म्हणते. वजन थोपवून धरा म्हणते. उंची वाढायला प्रथिनं, कॅल्शियम, लोह, जस्त लागतं, आणि तुमच्या यादीने नेमक्या याच वाटा बंद होतायत.

आता प्रत्यक्ष ताटाकडे.

साखरेच्या बाबतीत तुमची यादी बरोबर आहे, पण साखर कुठे बघायची ते चुकतंय. घरात चमच्याने घातलेली साखर डोळ्यांना दिसते. बाटलीतली दिसत नाही. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम सांगितली. एका कॅनमध्येच दिवसाचा हिशेब ओलांडला. डब्यातला फळांचा रस आरोग्याचा म्हणून दिला जातो. फळातला चोथा काढून टाकल्यावर उरतं ते बहुतेक साखरपाणीच. या गोडातल्या फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर पडतो, आणि यकृत चरबीने भरलं की तिथे दाह सुरू व्हायला वेळ लागत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते. यकृतात चरबी साचलेली ११ ते १६ वयाची ४० मुलं घेतली. निम्म्या मुलांच्या आहारातून ८ आठवडे वरची साखर जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली; नेहमीसारखं खाणाऱ्यांची २१ वरून २० वर. औषध एकही नाही. माझ्या मते त्या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे: जेवण त्या मुलासाठी एकट्यासाठी बदललं नव्हतं, घरातल्या सगळ्यांसाठी बदललं होतं. कोलाची बाटली बाबांसाठी फ्रीजमध्ये आणि मुलाला बंदी, हे दोन आठवडेही टिकत नाही.

दुसरी बाजू चोथ्याची, म्हणजे फायबरची, आणि माझ्या अनुभवात पालक इथेच सगळ्यात कमी लक्ष देतात. कारण चोथा नसल्याचं कोणाच्या डोळ्यावर येत नाही. आपण न पचवू शकलेला चोथा मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जंतू तो आंबवतात आणि त्यातून छोट्या साखळीची मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्यूटिरेट हे आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. ते मिळालं की अस्तर धड राहतं, वरचा चिकट थर टिकतो, जंतू आणि रक्त यांच्यातली भिंत शाबूत राहते, आणि रोगप्रतिकार पेशींना शांत राहायचा निरोपही तिथूनच जातो. चोथा मिळालाच नाही, तर जंतू पोट भरायला तो चिकट थरच कुरतडू लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुलांसाठी रोजचे आकडे दिले: २ ते ५ वर्षांना किमान १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांना २१, त्यापुढे २५. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण ८ ग्रॅम चोथा असतो, सालासकट मध्यम सफरचंदात ४ च्या आसपास, पांढऱ्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ग्रॅमभरही नाही.

मी पालकांकडून तीन दिवसांची खाण्याची वही लिहून घेते. दोन शाळेचे दिवस, एक सुट्टीचा. एका १४ वर्षांच्या मुलाच्या वहीतलं एक पान अजून लक्षात आहे. सकाळी काही नाही, उशीर झाला. मधल्या सुट्टीत बिस्किटांचा पुडा आणि डब्यातला ज्यूस. दुपारी चीज सँडविच, त्यातले काकडीचे दोन काप काढून ठेवलेले. आईने तेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. संध्याकाळी इन्स्टंट नूडल्स. रात्री घरचं जेवण, अर्धं. आणि त्याखाली वेगळ्या, वाकड्या अक्षरात एक ओळ: ‘११.४५, चिप्स मोठं पाकीट, कोल्ड्रिंक.’ ती त्याने स्वतः लिहिली होती, आईला ठाऊकच नव्हतं. दिवसभराचा चोथा मोजला तर १० ग्रॅमही भरेना. पण त्या पानावरची खरी बातमी पावणेबारा वाजल्याची होती. त्या मुलाला पथ्याच्या यादीची गरजच नव्हती. सकाळचा नाश्ता, पिण्यात पाणी आणि साधं दूध, रोज एक वाटी डाळ किंवा कडधान्य, आणि मोबाइल रात्री दहाला हॉलमध्ये चार्जिंगला, एवढं चार महिने चाललं. अपुरी झोप स्वतःच दाहाला खतपाणी घालते, आणि वर दुसऱ्या दिवशी गोड-तेलकटाची ओढ वाढवते.

कारखान्यात बनलेल्या पाकीटबंद खाण्याबद्दल हल्ली खूप बोललं जातं. अन्नावर किती प्रक्रिया झाली त्यावरून ते वेगळं काढणारी वर्गवारी ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोन्तेइरो यांनी २००९ मध्ये मांडली. ढोबळमानाने ती उपयोगी आहे. पण तिचा सोवळेपणा करू नका, त्याचं कारण पुढे क्रोनच्या आजाराशी येतंच.

मेदाबद्दल थोडक्यात. ट्रान्स फॅट दाह वाढवतात, त्यात दुमत नाही; एकूण उष्मांकाच्या १ टक्क्याच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ लिहिलेलं दिसलं की वस्तू परत ठेवा. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा. त्यातली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं दाह विझवणाऱ्या द्रव्यांचा कच्चा माल आहेत. जवस आणि अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं, त्याचं ईपीए-डीएचएत रूपांतर फार थोडं होतं. तरी ते खावं. बियांच्या तेलातलं ओमेगा-६ विष आहे ही अलीकडची आवई. निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत त्याने दाहाचे आकडे वाढलेले दिसले नाहीत.

टोमॅटो, बटाटा, वांगी एका कुळातली आहेत हे खरं. मुलांमध्ये ती दाह वाढवतात याला आधार नाही. दुधाचंही तेच. दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, पण सरसकट दूध दाहकारक नाही. फार दूध पिऊन जेवण टाळणारी लहान मुलं लोह कमी पडून पांढरी पडतात, तो त्रास निराळा.

गव्हाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी १० वर्षांची एक मुलगी आली होती. पोट दुखायचं, फुगायचं. आईने कुठेतरी वाचून चार महिने गहू बंद केला, मुलीला बरंही वाटलं. मग कोणीतरी सिलिअॅक आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) रक्ततपासणी सुचवली, ती नॉर्मल आली आणि सगळे निर्धास्त झाले. मी तिचा वाढीचा तक्ता काढला. सातव्या वर्षापर्यंत मधल्या रेषेवरून चाललेली उंची तिथून पुढे दरवर्षी एकेक रेषा खाली उतरत होती. अडचण अशी, की सिलिअॅकच्या तपासणीत ज्या प्रतिपिंडांचा शोध घेतात, ती ग्लूटेन पोटात जात असेल तरच रक्तात राहतात. गहू सोडून चार महिने झाल्यावर तपासणीला काही अर्थच नव्हता. तिला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालावा लागला, पोटदुखी परत सोसावी लागली, तेव्हा निदान झालं. आता ग्लूटेन आयुष्यभर बंद, आणि उंचीने गमावलेली रेषा परत धरली. तिचा सीआरपी पहिल्या दिवसापासून नॉर्मल होता. म्हणून: संशय असेल तर आधी तपासणी, मग बंदी. हा क्रम उलटला की महिने वाया जातात.

काही आजारांत आहार हेच औषध असतं, तेही सांगितलं पाहिजे. मुलांमधल्या क्रोनच्या आजारात, म्हणजे आतड्याला दाहाने व्रण पडतात त्यात, सहा ते आठ आठवडे नेहमीचं सगळं खाणं बंद करून फक्त द्रवरूप पोषण-फॉर्म्युला देतात. सुमारे ८० टक्क्यांपर्यंत मुलांमध्ये आजार शांत होतो, आतड्यातले व्रण स्टिरॉइडपेक्षा चांगले भरतात, आणि उंची खुंटत नाही. युरोपातल्या बालपचनरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. आता गंमत बघा: हा फॉर्म्युला कारखान्यात बनलेली पावडरच. चोथा बहुधा नाहीच. कुठल्याही ‘नैसर्गिक’ यादीत तो नापास होईल. तसंच अन्ननलिकेच्या इओसिनोफिलिक दाहाचं, म्हणजे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेत गोळा होऊन होणाऱ्या दाहाचं. १९९५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १० मुलांना अमिनो आम्लांच्या फॉर्म्युल्यावर ठेवल्यावर ती सुधारली, आणि अन्नामुळेच हा दाह होतो हे पक्कं झालं. आता दूध, गहू, अंडी, सोया असं एकेक काढून-घालून नेमका अपराधी शोधतात, आणि मधे दुर्बिणीतून तपासतात. घरच्या घरी हे करायचं काम नाही.

संधिवात असलेल्या मुलांचे पालक हमखास आहाराची यादी मागतात. त्यांना मी स्पष्ट सांगते, की औषधाची जागा घेईल असा आहार नाही. सांध्याचं नुकसान पथ्याच्या नादात थांबून राहत नाही. मुरुमांच्या बाबतीत मात्र पटकन साखर चढवणारं खाणं कमी केल्याने फायदा दिसलाय, आणि जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीनचा डबा महिनाभर बाजूला ठेवून बघायला हरकत नाही.

तुमच्या मुलाच्या थकव्याकडे येते. दाह असला की आयएल-६ मुळे यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह शोषण्याची वाट अडवतं. त्याच वेळी फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा आकडा, दाहामुळे खोटाच फुगतो. म्हणून ५ वर्षांवरच्या मुलांत एरवी १५ च्या खालचं फेरिटिन कमी मानतात, पण दाह असताना जागतिक आरोग्य संघटना ती रेषा ७० वर नेते. रिपोर्टवर फेरिटिन ४० बघून ‘लोह नॉर्मल’ असं म्हणू नका. आणखी एक साधा प्रश्न: तो घोरतो का? जास्त वजनाच्या मुलांत झोपेत श्वास अडणं हे थकव्याचं मोठं कारण असतं आणि ते रक्तात कुठेच सापडत नाही.

हळदीच्या कॅप्सूल, कोलेजन, आतडी ‘साफ’ करणारे ‘गट क्लीन्स’ यातलं काही नको. स्वयंपाकातली हळद आणि काळी मिरी घालून शोषण वाढवलेली कॅप्सूल यांत फरक आहे; अशा कॅप्सूलमुळे मोठ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

किशोरवयात याहून मोठी भीती मला खाण्याच्या विकारांची वाटते. ‘हे खाल्लं की शरीर सुजतं’ हे वाक्य १३ वर्षांच्या, आधीच वजनावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात वेगळ्याच जागी जाऊन बसतं. जेवताना सीआरपीचा उल्लेखही करू नका. मुलगा एकटा जेवायला लागला, पदार्थांना ‘चांगलं-वाईट’ म्हणू लागला, वजन झपाट्याने उतरलं, की कौतुक करू नका, आम्हाला दाखवा.

सीआरपीचा आकडा कितीही असो, या गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही: शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गुदाजवळ गळू किंवा चीर, तोंडात वारंवार येणारे व्रण, सकाळी उठल्यावर बराच वेळ आखडलेले सांधे, गिळताना घास अडकणं, न उतरणारा ताप, किंवा वयात येण्याची चिन्हं खूपच लांबणं.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर गोड पेयं सगळ्यांसाठीच आणणं बंद. रोज डाळ किंवा कडधान्य, ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळं, पांढऱ्या धान्याच्या जागी जमेल तितकं अख्खं. चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगेल. दोन-तीन आठवडे घ्या, पाणी वाढवा. दूध, गहू, टोमॅटो, बटाटा चालू. तीन आठवड्यांनी सीआरपी, सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, यकृताची एएलटी तपासणी आणि उपाशीपोटीची साखर. दर तीन महिन्यांनी मुलाची उंची आणि कंबर, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, शक्यतो सकाळी आणि मोजणारं माणूस तेच. धाकटीला यातलं काही सांगायची गरज नाही, पण तिची उंचीही त्याच दिवशी त्याच भिंतीला मोजून ठेवा.